सायकल्सचं रेंडर मध्येच तुटतं तेव्हा: मेमरी, उष्णता की वीज?

टॉवेल-चादरींच्या कॅटलॉगसाठी ब्लेंडर (त्रिमितीय चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) वापरणारे सोलापुरातले जे जे ओळखीचे आहेत, त्यांची एक तक्रार ठरलेली असते आणि मार्च लागला की ती वाढते. रेंडर, म्हणजे मांडलेल्या दृश्याचं पक्कं चित्र काढायचं काम, मध्येच तुटतं. कधी नुसतं ब्लेंडर बंद पडतं, कधी पडदा काळा होऊन परत येतो, कधी संगणकच बसतो. मग कोणीतरी सांगतं, ‘सॅम्पल्स कमी कर.’ ते केलं की चार दिवस बरं जातं. पुढचं मोठं काम आलं, मालकांनी ‘उद्या सकाळी छपाईला द्यायचंय’ म्हटलं की त्याच रात्री पुन्हा तेच.

बाहेरून हा त्रास एकच दिसला तरी त्यामागे तीन-चार वेगवेगळी कारणं असतात. आपण त्या सगळ्यांवर एकच औषध देतो, म्हणून तो परत परत येतो. तुटलेल्या रेंडरनं मागे काय खूण ठेवली आहे ते वाचल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. खूण कशी वाचायची आणि त्यानंतर काय करायचं ते पुढे लिहितो. मी सायकल्सबद्दल, म्हणजे ब्लेंडरमधल्या रेंडर करणाऱ्या इंजिनाबद्दल, लिहितो आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तेच आहे. लक्सकोअर हे दुसरं इंजिन वापरत असाल तर बटणांची नावं वेगळी असतील, पण मेमरी आणि उष्णता यांचा हिशोब तिथेही असाच चालतो.

सॅम्पल्स कमी केल्यानं बरं का वाटतं?

एका पिक्सेलसाठी किती किरण सोडून बघायचे, तो आकडा म्हणजे सॅम्पल्स. ब्लेंडर मुळात ४०९६ देतं. त्याचे ५१२ केलेत तर वेळ वाचतो. पण दृश्यातली भूमिती (वस्तूंच्या आकारांचं जाळं) तेवढीच असते, टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेल्या प्रतिमा) तेवढीच असतात, चित्राचा आकारही तोच असतो. म्हणजे मेमरी जवळजवळ तेवढीच लागते. मेमरी संपून तुटणारं रेंडर ४०९६ ला तुटतं तसं ५१२ लाही तुटेल.

उष्णतेनं तुटणाऱ्या रेंडरचं मात्र वेगळं आहे. चित्र लवकर संपतं, तेवढ्या वेळात ग्राफिक्स कार्ड (जीपीयू) पुरतं तापत नाही आणि आपल्याला वाटतं प्रश्न सुटला. तो सुटलेला नसतो. पुढच्या लांब कामाला किंवा पुढच्या कडक दुपारी तो पुन्हा उभा राहतो, आणि मधल्या काळात चादरीच्या गडद भागात दाणे आलेली चित्रं छपाईला गेलेली असतात. गडद लाल, गडद निळ्या चादरीत ते दाणे सगळ्यात आधी दिसतात.

आधी खूण वाचा

रेंडर तुटल्यावर संगणकासमोर आलात की पहिल्यांदा एवढंच बघा: काय चालू राहिलं आहे आणि काय बंद पडलं आहे?

ब्लेंडर उघडं आहे, चित्र अर्धवट किंवा काळं आहे आणि रेंडरच्या खिडकीत वर लाल अक्षरांत ‘आउट ऑफ मेमरी’ किंवा ‘सिस्टिम इज आउट ऑफ जीपीयू अँड शेअर्ड होस्ट मेमरी’ अशा अर्थाचा संदेश आहे, तर शोध संपला. कार्डाची मेमरी पुरली नाही. थेट पुढच्या भागाकडे जा.

ब्लेंडर नाहीसं झालं आहे पण बाकी सगळं जागच्या जागी चालू आहे, तर टेम्प फोल्डरमध्ये बघा. तुमच्या फाइलच्याच नावाची, शेवटी ‘क्रॅश डॉट टीएक्सटी’ असलेली एक फाइल ब्लेंडर पडताना लिहून ठेवतं. ती सापडली तर जपून ठेवा, मदत मागताना लागते. लिनक्सवर ही फाइल नसेल तर ‘डीमेसग’ ही यंत्रणेच्या नोंदी दाखवणारी आज्ञा चालवून बघा. ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ अशी ओळ असेल तर मुख्य रॅम संपली म्हणून लिनक्सनंच ब्लेंडरला मारलं आहे. हे कारण लोकांच्या लक्षात येत नाही, कारण सगळ्यांचा डोळा कार्डाच्या मेमरीवर असतो.

पडदा क्षणभर काळा होऊन परत आला, तर ड्रायव्हर पडून पुन्हा उभा राहिला आहे. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिममध्ये जा आणि त्या वेळेच्या आसपास ४१०१ क्रमांकाची ‘डिस्प्ले’ची नोंद शोधा. लिनक्सवर एनव्हिडिया कार्ड असेल तर ‘एक्सआयडी’ शब्द असलेल्या ओळी शोधा. त्यातली ७९ क्रमांकाची ओळ सांगते की कार्डाचा संगणकाशी संपर्कच तुटला. तिथे ब्लेंडरमधली सेटिंगं चाळण्यात वेळ घालवू नका. वीज, उष्णता किंवा कार्डाची बैठक यांपैकीच काहीतरी बघावं लागेल.

आणि संगणकच बंद झाला असेल किंवा आपोआप परत सुरू झालेला दिसत असेल, तर त्याच ठिकाणी ‘कर्नल-पॉवर’ची ४१ क्रमांकाची नोंद सापडेल. ती फक्त एवढंच सांगते की संगणक नीट बंद न करता बंद पडला. का पडला ते सांगत नाही. पण मेमरी कमी पडली म्हणून अख्खा संगणक विझत नाही, हे धरून चाला.

दुसरी खूण वेळेची. सायकल्स आधी दृश्य गोळा करतं, टेक्स्चर चढवतं, मग किरण कुठे आपटेल ते पटकन शोधता यावं म्हणून बीव्हीएच नावाची रचना बांधते आणि त्यानंतर किरण सोडायला लागतं. पट्टीवर ‘बिल्डिंग बीव्हीएच’ किंवा ‘लोडिंग’ दिसत असतानाच रेंडर तुटलं, तर भूमिती किंवा टेक्स्चर जड आहेत. वीस-पंचवीस मिनिटं छान चालून मग तुटलं, तर उष्णतेचा संशय घ्या. शेवटच्या सॅम्पलनंतर, डीनॉइझ करताना (चित्रातले दाणे पुसताना) तुटलं तर तेही मेमरीचंच दुखणं आहे, पण वेगळ्या जागचं. त्याबद्दल खाली येईलच.

फिरत्या टॉवेलचं अ‍ॅनिमेशन असेल तर आणखी सोपं. दर वेळी त्याच फ्रेमला तुटत असेल तर दोष दृश्यात आहे. दर वेळी वेगळ्या फ्रेमला तुटत असेल तर दोष यंत्रात आहे. ही एकच कसोटी करून बघितली तरी निम्मा शोध आटोपतो.

मेमरी: पडद्यावर हलकं, रेंडरला जड

‘व्ह्यूपोर्टमध्ये तर मस्त चालतं, एफ-१२ दाबलं की पडतं.’ व्ह्यूपोर्ट म्हणजे काम करायची खिडकी, एफ-१२ म्हणजे रेंडरची कळ. हे वाक्य ऐकलं की मी पहिल्यांदा टेरी टॉवेलचे लूप (कापडावरचे सुताचे फासे) कसे केले आहेत ते विचारतो. उत्तर बहुतेक वेळा ‘हेअर पार्टिकल’ असंच येतं.

हेअर पार्टिकलला (वस्तूवर केस उगवायच्या सोयीला) चिल्ड्रन, म्हणजे प्रत्येक मूळ केसामागे जादा केस, दिले की तिथे दोन आकडे असतात. डिस्प्ले अमाउंट मुळात १० असतो आणि रेंडर अमाउंट १००. तुम्ही दहा हजार मूळ केस लावलेत, तर काम करताना पडद्यावर एक लाख दिसतात आणि रेंडरला दहा लाख होतात. शिवाय स्टेप्सचा आकडा ३ असेल तर प्रत्येक केसाचे ८ तुकडे पडतात. म्हणजे बीव्हीएचमध्ये ऐंशी लाख तुकडे, आणि तेही एका टॉवेलचे. सबडिव्हिजन सरफेसचंही (जाळं बारीक करायच्या सोयीचं) तसंच आहे, व्ह्यूपोर्टला एक पातळी आणि रेंडरला दोन. अ‍ॅडॅप्टिव्ह सबडिव्हिजन वापरत असाल तर डाइसिंग रेट व्ह्यूपोर्टला ८ पिक्सेल आणि रेंडरला १ पिक्सेल असतो. लांबी आणि रुंदी दोन्हीकडे आठपट म्हणजे सुमारे चौसष्टपट बारीक जाळं. कॅमेरा चादरीच्या जवळ नेलात की हे जाळं फुगत जातं.

म्हणून व्ह्यूपोर्टचे आकडे एकदा रेंडरच्या आकड्यांएवढे करून बघा. पडदा अडखळायला लागला तर कार्डावर किती ओझं येतं ते तिथेच कळतं. खाली स्टेटस बारवर उजवी कळ दाबून सिस्टिम मेमरी आणि व्हिडिओ मेमरी दोन्ही दिसतील असं करून ठेवा, आणि ते आकडे बघतच काम करा.

माझं स्पष्ट मत सांगतो. लूप खऱ्या केसांनी करायची गरज फक्त जवळून घेतलेल्या एखाद्या चित्रात असते, जिथे गिऱ्हाइकाला पाइलची उंची आणि दाटपणा दाखवायचा आहे. बाथरूममध्ये टांगलेला टॉवेल किंवा घडी घालून रचलेली थप्पी असेल तर नॉर्मल मॅप (उठावाचा नुसता आभास देणारी प्रतिमा) आणि थोडं डिस्प्लेसमेंट (पृष्ठभाग खरोखर वर-खाली करणं) भरपूर होतं. जवळच्या चित्रातही अख्ख्या टॉवेलवर केस उगवण्यापेक्षा एक छोटा तुकडा नीट बनवून त्याच्या इन्स्टन्स, म्हणजे एकाच मूळ वस्तूवर चालणाऱ्या नकला, पसरवा. इन्स्टन्सची भूमिती मेमरीत एकदाच साठते, मग ती पन्नास ठिकाणी दिसो की पाच हजार.

इथे एक बारकी गोष्ट आहे, आणि ती माहीत नसल्यानं चांगली चांगली माणसं अडकतात. ऑल्ट-डी नं केलेल्या नकला मेमरी वाचवतात हे खरं, पण त्या वस्तूवर मॉडिफायर (सबडिव्हिजनसारख्या, आकार बदलणाऱ्या सोयी) लावलेले नसतील तरच. मॉडिफायर असला की सायकल्स प्रत्येक नकलेची भूमिती वेगळी धरतं. घडी घातलेले बारा टॉवेल ऑल्ट-डी नं रचले, प्रत्येकावर सबडिव्हिजन आणि केस तसेच ठेवले, तर बारापट मेमरी गेलीच. त्याऐवजी टॉवेल एका कलेक्शनमध्ये टाका आणि त्या कलेक्शनच्या इन्स्टन्स ठेवा. मॉडिफायर राहूनही भूमिती एकदाच साठेल.

आता टेक्स्चर. चादरीवाल्यांचा त्रास जास्त करून इथे असतो. जॅकार्डचं डिझाइन नीट यावं म्हणून कापड ६०० डीपीआयला स्कॅन करतात. १२ इंच बाय १२ इंचाचा तुकडा म्हणजे ७२०० बाय ७२०० पिक्सेल. जेपीजी करून फाइल दहा-पंधरा एमबीची झाली तरी त्याचा मेमरीशी संबंध नाही, कारण कार्डात ती उलगडूनच चढते. ८ बिटला एका पिक्सेलचे चार बाइट धरले तर ती एकच प्रतिमा सुमारे २०७ एमबी घेते. १६ बिट पीएनजी असेल तर त्याच्या दुप्पट. एका डिझाइनला रंग, नॉर्मल, रफनेस आणि डिस्प्लेसमेंट अशा चार प्रतिमा धरा. मालकांना एका चित्रात बारा शेड शेजारी शेजारी हव्या आहेत. बारा चोक अठ्ठेचाळीस प्रतिमा, म्हणजे जवळजवळ १० जीबी. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी कार्डात भूमितीला जागा उरणार तरी कुठे?

पण विणकाम तर बाराही चादरींचं सारखंच आहे, बदलतो फक्त रंग. नॉर्मल, रफनेस, डिस्प्लेसमेंट एकेकच ठेवा आणि रंगाच्या बारा प्रतिमा. एकूण पंधरा. १० जीबीचे ३ जीबीच्या आसपास झाले आणि चित्रात फरक शून्य. डिझाइन दोन-तीन रंगांचंच असेल तर रंगाच्या बारा प्रतिमाही नकोत. एका मास्कवर (डिझाइनच्या काळ्या-पांढऱ्या प्रतिमेवर) कलर रॅम्प लावून बाराही शेड शेडरमध्येच, म्हणजे वस्तूचं रंगरूप ठरवणाऱ्या मांडणीतच, तयार होतात. यंत्रमागावर शेड बदलते तेव्हा डिझाइन तेच राहतं आणि फक्त सुताचा रंग बदलतो. शेडरमध्येही तसंच करायचं.

टेक्स्चर किती मोठं हवं, याला एक साधं माप आहे. ए-३ पान ३०० डीपीआयला ४९६१ बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. त्यात एक चादर पानाची जेमतेम पाव रुंदी व्यापत असेल तर तिच्या वाट्याला बाराशे-तेराशे पिक्सेल येतात. त्यासाठी ७२०० चं टेक्स्चर म्हणजे मेमरीची नासाडी. रेंडर प्रॉपर्टीजमध्ये सिम्प्लिफाय चालू करून टेक्स्चर लिमिट ४०९६ किंवा २०४८ ठेवून बघा. बाजू निम्मी झाली की मेमरी चौथाईवर येते. मूळ फाइलला हात लागत नाही, म्हणून हा प्रयोग निर्धास्तपणे करा. आणि प्रकाशासाठी लावलेला एचडीआरआय (चहूबाजूंच्या उजेडाची प्रतिमा) विसरू नका. ८१९२ बाय ४०९६ चा पूर्ण फ्लोट एचडीआरआय एकटाच ५१२ एमबी खातो. पार्श्वभूमीत तो दिसत नसेल, नुसता उजेडच देत असेल, तर २के चा पुरतो.

कार्डाची मेमरी भरली की सायकल्स लगेच हार मानत नाही. उरलेलं सामान मुख्य रॅममध्ये ठेवून काम रेटायला बघतं. तेव्हा तुटण्याआधी एक पूर्वसूचना मिळते: त्याच दृश्याला कालपर्यंत चार मिनिटं लागायची, एक टेक्स्चर घातल्यावर पंधरा लागायला लागली. असा उडीचा फरक दिसला की मेमरीची कड आली म्हणून समजा.

एफ-१२ दाबायच्या आधी व्ह्यूपोर्ट सॉलिड मोडवर आणा. रेंडर्ड मोडमध्ये उघडा ठेवलात तर तेच दृश्य कार्डात दोनदा चढतं. ब्राउझर बंद करा, तोही कार्डाची मेमरी धरून बसतो. मदरबोर्डला स्वतःचा डिस्प्ले पोर्ट असेल आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर मॉनिटर तिथे लावा. कार्ड रेंडरसाठी मोकळं राहतं. परसिस्टंट डेटा चालू केल्यानं अ‍ॅनिमेशन वेगानं होतं, पण दृश्य मेमरीत धरून ठेवलं जातं. मेमरी काठावर असेल तर तो बंद ठेवा.

आता शेवटी, डीनॉइझच्या वेळी तुटणाऱ्या रेंडरबद्दल. आवृत्ती ३.० पासून, म्हणजे डिसेंबर २०२१ पासून, सायकल्सचा गाभा नव्यानं लिहिला गेला. त्याआधीच्या व्हिडिओंत ‘जीपीयूला टाइल २५६ ठेवा’ असा सल्ला असतो. तो आता सोडून द्या. नव्या सायकल्समध्ये टाइलचा (चित्राच्या एकेका चौकोनी तुकड्याचा) आकार मुळात २०४८ असतो आणि टाइल आहे ती मेमरी वाचवण्यासाठी. मोठ्या चित्राच्या टाइल पूर्ण होतील तशा टेम्प फोल्डरमध्ये लिहिल्या जातात, आणि डीनॉइझ मात्र सगळ्या जोडून पूर्ण चित्रावर होतं. ए-३ च्या आकाराला चार चॅनेलचा एकेक पास (रेंडरचा वेगळा साठवलेला थर) २७८ एमबीचा होतो. डीनॉइझला रंगाशिवाय अल्बेडो (उजेड-सावलीविना मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) हेही पास लागतात, त्यात तुम्ही पाच-सहा पास वरून मागितलेले असतात. नको ते पास काढा. ४.१ पासून डीनॉइझ कार्डावरही करता येतं, मेमरी कमी असेल तर तिथली ‘यूज जीपीयू’ची खूण काढा. थोडा वेळ जास्त लागेल, पण काम पार पडेल. सी ड्राइव्हवर मोकळी जागा आहे ना, तेही बघा, नाहीतर त्या टाइल लिहायच्या कुठे?

सगळं करूनही दृश्य कार्डात मावत नसेल तर प्रोसेसरवर रेंडर करा. हा पर्याय लोक कमीपणाचा मानतात, ते बरोबर नाही. ३२ किंवा ६४ जीबी रॅम टाकणं हे तेवढ्या मेमरीचं कार्ड घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, आणि एखाद-दुसऱ्या जड चित्रासाठी रात्रभर प्रोसेसर चालला तर काही बिघडत नाही.

उष्णता: आपल्या गावचा प्रश्न

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर असतो. रेंडर तुटण्याबद्दल परदेशी लोकांनी लिहिलेलं बहुतेक सगळं थंड खोली गृहीत धरून लिहिलेलं असतं. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जो संगणक सुखानं रात्रभर रेंडर करतो, त्याच्या भोवतीची हवा मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत पंधरा अंशांनी जास्त गरम असते. सेटिंग तीच, फाइल तीच, आणि रेंडर तुटतं.

एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास पोचली की स्वतःचा वेग कमी करतात. म्हणजे उष्णता आधी वेग खाते आणि मग काम तोडते. ब्लेंडर कमांड-लाइनवरून चालवलंत तर प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ तिथे छापला जातो. पहिल्या फ्रेमला चार मिनिटं, दहाव्याला पाच, विसाव्याला सहा असं चढत गेलेलं दिसलं आणि दृश्य फारसं बदललेलं नसेल, तर दुसरा पुरावा कशाला हवा? तरीही खात्री करायची तर ब्लेंडरच्या संकेतस्थळावरचा एखादा हलका नमुना-सीन घ्या, सॅम्पल्स भरपूर वाढवा आणि तासभर चालू द्या. मेमरी रिकामी असताना तोही तुटला तर तुमच्या टॉवेलच्या फाइलचा काही दोष नाही.

उपायांतला पहिला सफाईचा, आणि आपल्याकडे त्याला दुसरीकडच्यापेक्षा जास्त महत्त्व आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा अशोक चौकाकडे बऱ्याच कारखान्यांत संगणक मागांच्या शेजारच्याच ऑफिसात असतो. हवेत सुताचे बारीक तंतू तरंगत असतात आणि पंखे ते ओढून घेतात. कॅबिनेटची जाळी बाहेरून स्वच्छ दिसते, पण कार्डाच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये तंतूंचा नमदा जमलेला असतो. संगणक बंद करून, वायर काढून, बाहेर अंगणात नेऊन ब्लोअरनं साफ करा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, तो जोरात फिरू देऊ नका. अशा जागी हे काम महिन्याच्या महिन्याला करावं लागतं. दिवाळीच्या साफसफाईची वाट बघू नका. जमलं तर संगणक मागांपासून लांबच्या खोलीत हलवा, तो सगळ्यात चांगला उपाय.

पाण्याचा कूलर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात खोली खरोखर गार करतो, लावायला हरकत नाही. फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको आणि खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट हवा कोंडते आणि ओल्या हवेतले तंतू पात्यांना आणखी घट्ट धरतात.

दुसरा उपाय कार्डाची वीजमर्यादा कमी करण्याचा, आणि माझ्या मते उन्हाळ्यात तो प्रत्येकानं करावा. आरटीएक्स ३०६० ची मर्यादा १७० वॅट आहे. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकारानं चालवून, डॅश-पीएल पुढे १३५ लिहिलंत की कार्ड त्यापुढे जात नाही. आफ्टरबर्नर या कार्ड सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम पॉवर लिमिटच्या पट्टीनं होतं. वीज जेवढी कमी होते तेवढा वेग कमी होत नाही, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठीच कार्ड सगळ्यात जास्त वीज खात असतं. संगणक पुन्हा सुरू केला की मर्यादा मूळपदावर येते, हे लक्षात ठेवा. लॅपटॉपमध्ये बहुधा ही सोय नसते. ओव्हरक्लॉक केलेलं (कार्ड ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवलेलं) असेल तर ते मात्र आधी काढा. खेळात टिकणारा ओव्हरक्लॉक चार तासांच्या रेंडरमध्ये टिकेलच असं नाही.

वीज

संगणक खाडकन विझतो, ४१ क्रमांकाची नोंद आहे आणि तापमान ठीक होतं, तर यूपीएसकडे बघा. दुकानात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो. नुसतं बिलिंग चालू असताना तो पुरतो. रेंडरच्या वेळी कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून तो आकडा गाठू शकतात. मग दिवे क्षणभर लुकलुकले तरी यूपीएस भार न पेलून बंद होतो आणि आपण ब्लेंडरला दोष देत बसतो. उन्हाळ्यात बॅटरीही लवकर दमते. कार्ड आणि प्रोसेसरचे वॅट जोडून, वर ऐसपैस जागा ठेवून यूपीएस घ्या. तपासणीपुरता संगणक थेट चांगल्या सॉकेटवर लावून तेच रेंडर चालवून बघा. तरीही विझला तर पॉवर सप्लाय दुसरा लावून बघावा लागेल. इथे कोणाकडून तरी उसना आणून तपासणं, नवा विकत घेण्याच्या आधी, शहाणपणाचं.

प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर एकदम रेंडर करायची खूण अनेकांनी लावून ठेवलेली असते. वेग थोडाच वाढतो, उष्णता आणि विजेचा भार मात्र दोन्हींचा येतो. ती खूण काढा.

पडदा काळा होऊन परत येतो तेव्हा

विंडोज कार्डाला उत्तर द्यायला मुळात २ सेकंद देते. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर पाडून पुन्हा उभा करते. ४१०१ ची नोंद दिसली तर आधी एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर, जुना पूर्ण काढून, नव्यानं टाका आणि मॉनिटर मदरबोर्डवर हलवता येतो का बघा. रजिस्ट्रीत टीडीआर-डिले वाढवून ही मुदत लांबवता येते, पण ती सोय मुळात चाचण्यांसाठी आहे. उष्णता आणि मेमरी तपासून झाल्यावरच तिकडे वळा.

रात्रीचं काम लावताना

कारण सापडेपर्यंत काम तर द्यायचंच असतं. म्हणून रेंडर तुटलं तरी केलेलं फुकट जाणार नाही अशी मांडणी ठेवा. अ‍ॅनिमेशन कधीही थेट व्हिडिओत काढू नका, पीएनजी किंवा ईएक्सआरच्या सुट्या फ्रेम काढा. मधे तुटलं तर झालेल्या फ्रेम हातात राहतात. आउटपुटमध्ये ओव्हरराइट बंद आणि प्लेसहोल्डर्स चालू ठेवलं की पुन्हा सुरू केल्यावर ब्लेंडर झालेल्या फ्रेम सोडून पुढे जातं. मात्र तुटताना ज्या फ्रेमवर काम चालू होतं तिची शून्य केबीची रिकामी फाइल मागे राहते, आणि फाइल आहे म्हटल्यावर ब्लेंडर तीही झालेलीच धरतं. पुन्हा सुरू करण्याआधी फोल्डर आकारानुसार लावा आणि शून्य केबीच्या फाइली उडवा, नाहीतर फिरत्या टॉवेलमध्ये एक फ्रेम गायब होऊन झटका बसतो.

रात्रीचं रेंडर कमांड-लाइनवरून लावा, ब्लेंडरची खिडकी न उघडल्यानं मेमरी वाचते. डॅश-बी, मग फाइलचं नाव, मग डॅश-एस नं पहिली फ्रेम, डॅश-ई नं शेवटची, आणि सगळ्यात शेवटी डॅश-ए. क्रम महत्त्वाचा आहे, कारण ब्लेंडर आज्ञा डावीकडून उजवीकडे एकेक पाळतं. डॅश-ए आधी लिहिलंत तर फाइलमध्ये जो फ्रेमचा पल्ला असेल तोच रेंडर होतो आणि पुढचे आकडे वाया जातात. ३०० फ्रेमचं काम असेल तर पन्नास-पन्नासच्या सहा ओळी एका बॅच फाइलमध्ये लिहा. एक ओळ मधेच पडली तरी पुढची ब्लेंडर नव्यानं सुरू करून काम चालू ठेवते.

आणि मदत मागताना ‘रेंडर होत नाही, काय करू?’ एवढंच लिहू नका. ब्लेंडरची आवृत्ती, कार्ड आणि त्याची मेमरी, मुख्य रॅम, ड्रायव्हरची आवृत्ती, कोणत्या टप्प्यावर तुटलं, काय चालू राहिलं नि काय बंद पडलं, दर वेळी तीच फ्रेम की वेगवेगळी, खोलीत एसी, कूलर की नुसता पंखा, आणि असेल तर ती क्रॅशची फाइल. एवढं दिलंत तर समोरच्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही.